झाकली मूठ, पाच गोळ्यांची

छोट्या रिव्हॉल्व्हरला नवी मूठ शोधता शोधता ह्यूस्टनमध्ये माझ्या तळहाताचं (आणि थोडंफार संसाराचं) काय काय झालं, त्याची ही गोष्ट

शनिवारची सकाळ. ह्यूस्टनच्या बाहेरची एक इनडोअर रेंज. कानांवर जाडजूड मफ्स, डोळ्यांवर प्लॅस्टिकचा चष्मा, आणि उजव्या हाताच्या बेचक्यात, म्हणजे अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधल्या भागात, रुपयाएवढा लाल डाग. पाच गोळ्या झाडून झाल्या होत्या. पहिली कागदाच्या बऱ्यापैकी मधोमध. दुसरी खाली. तिसरी आणखी खाली. चौथीला मी ट्रिगर ओढायच्या आधीच डोळे मिटले होते. पाचवी कागदावर सापडलीच नाही.

आमची इन्स्ट्रक्टर साठीची, पोलिसातून रिटायर झालेली, बोलायला एकदम फटकळ. तिने माझा हात हातात घेऊन डाग बघितला, मग मधल्या बोटाचं सुजलेलं पेर बघितलं आणि म्हणाली, "तू बंदुकीला घाबरायला लागली आहेस. घाबरलेल्या माणसाच्या हातात ही वस्तू नको. एक तर हिची मूठ बदल, नाहीतर विकून टाक. महिनाभराची मुदत देते."

आता तुम्ही म्हणाल, पुण्याची पोरगी, सदाशिव पेठेत वाढलेली, हिला रिव्हॉल्व्हर कशाला हवं? बरोबर आहे. आमच्या घरात याच विषयावर सहा महिने धुसफूस चालली होती. नवरा कन्सल्टंट. सोमवारी पहाटेची फ्लाइट, गुरुवारी रात्री परत. घर गावाबाहेरच्या नव्या वस्तीत. मी आणि चार वर्षांची लेक. रस्त्यापलीकडच्या घरात एकदा रात्री चोर शिरले, घरात माणसं असताना. त्यानंतर नवरा एकदम "घेऊया" पार्टीत गेला आणि मी "नको" पार्टीत. शेवटी अट घातली की, वस्तू आली तर ती मला नीट चालवता आली पाहिजे, नाहीतर घरात नको. चार दिवस मीच एकटी असणार ना!

(एच-वनवर असलेल्या मित्रमंडळींनो, उत्साहाच्या भरात दुकानात शिरू नका. तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेचा केंद्रीय कायदा साधारणपणे बंदूक बाळगू देत नाही. शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. आमचं कार्ड हातात आल्यावरच हा विषय घरात निघाला. आपल्याकडे तर १९५९चा शस्त्र कायदा आहे. परवाना नसेल तर हातसुद्धा लावायचा नाही.)

एवढीशी, पण तिखट

माझं रिव्हॉल्व्हर म्हणजे इथे ज्याला 'जे-फ्रेम' म्हणतात त्या जातीचं. या जातीचा मूळपुरुष १९५० सालचा. स्मिथ अँड वेसनने पॉइंट ३८ स्पेशल गोळीचं, पाचच गोळ्यांचं एक छोटं रिव्हॉल्व्हर काढलं आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जला पोलीस प्रमुखांची परिषद भरली होती तिथे दाखवलं. म्हणून नाव पडलं 'चीफ्स स्पेशल'. पुढे १९५७मध्ये कंपनीने सगळ्या मॉडेलांना नंबर दिले, तेव्हा ते 'मॉडेल ३६' झालं. ते पोलादाचं, साधारण साडेपाचशे ग्रॅम. नंतर त्याचेच अॅल्युमिनियमच्या बॉडीचे हलके भाऊबंद आले. त्यातलं 'मॉडेल ६४२' सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं. दोन मोबाइल एकत्र धरले की जेवढं होतं, तेवढंच. नळी दोन इंचांपेक्षाही आखूड. माझंही त्याच हलक्या वर्गातलं.

दुकानात हातात घेतल्यावर वाटतं, वा! किती हलकं, किती गोड! इथेच फसगत होते. गोळी तीच, दारू तीच, मग धक्काही तेवढाच. तो पेलायला मागे वजनच नाही. त्यामुळे सगळा धक्का थेट हातात येतो. वरून ट्रिगर ओढायला पाच-साडेपाच किलोचा जोर लागतो. विचार करा, सव्वाचारशे ग्रॅमची वस्तू स्थिर धरायची आणि त्याच हाताच्या एका बोटाने तिच्या वजनाच्या दहा-बारा पट जोर लावायचा. मूठ हातात घट्ट बसली नसेल, तर गोळी सुटायच्या आधीच नळी हलते.

आणि मूठ म्हणजे तरी काय? या रिव्हॉल्व्हरचा खरा दांडा म्हणजे बॉडीचीच एक पातळ धातूची चौकट असते. आपण जी मूठ म्हणतो, ती तिच्यावर वरून बसवलेली असते. लाकूड किंवा रबर, बहुतेक वेळा दोन तुकडे आणि आरपार एक स्क्रू. स्क्रू काढला की मूठ बाहेर. बदलायला दहा मिनिटं लागतात. कोणती बदलायची हे ठरवायला मला पाच आठवडे लागले.

ती पोकळी

पहिला धडा इन्स्ट्रक्टरनेच दिला. तिने स्वतःचं जुनं पोलादी रिव्हॉल्व्हर आणलं, रिकामं करून दोनदा तपासलं आणि म्हणाली, "इथे बोट घाल." ट्रिगरभोवती जी कडी असते तिच्या मागे, जिथे मूठ सुरू होते, तिथे एक पोकळी असते. जुन्या पद्धतीच्या पातळ लाकडी मुठी बाजूंनी चौकट झाकतात, पण ही पोकळी तशीच सोडतात. मधलं बोट तिथे सरकतं. गोळी सुटली की रिव्हॉल्व्हर हातात वर उसळतं आणि ती कडी मधल्या बोटाच्या पेरावर टणकन आपटते.

हे दुखणं काही आजचं नाही. १९३०च्या दशकात स्मिथ अँड वेसनने 'मॅग्ना' नावाच्या मुठी आणल्या. त्या मागच्या बाजूने चौकटीच्या वरच्या टोकापर्यंत चढतात, म्हणजे धक्का तळहाताच्या जरा जास्त भागावर पसरतो. पण पुढची पोकळी? ती तशीच! मग त्यावर लोकांनी उपाय काढले. ओक्लाहोमा सिटीच्या मेल्व्हिन टायलर यांचा 'टी-ग्रिप' त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. बोटभर अॅल्युमिनियमचा ओतीव तुकडा. त्याला पातळ पत्र्याचे कान असतात. ते लाकडाखाली चौकटीला धरून बसतात आणि तुकडा बरोबर ती पोकळी भरून टाकतो. असाच रबरी अॅडॅप्टर पॅकमायर कंपनीने काढला होता. मूठ तीच, फक्त मधल्या बोटाला टेकायला जागा मिळते. आपण चपलेत सोल घालतो ना, तसा प्रकार.

इन्स्ट्रक्टरच्या रिव्हॉल्व्हरला असाच एक घासून घासून चकचकीत झालेला टी-ग्रिप होता. आणि मुठीभोवती चक्क दोन रबर बँड! साध्या कपड्यांतले पोलीस पूर्वी कमरेत खोचलेलं रिव्हॉल्व्हर खाली घसरू नये म्हणून असे रबर बँड लावायचे म्हणे. तिला त्याचीच सवय राहून गेलेली.

मी तिचं चालवून बघितलं. पाच गोळ्या, एकही डोळा मिटला नाही. मी खूश. "मला पण हाच अॅडॅप्टर!" ती नुसती हसली.

गुलाबी की गुलाबीच?

रविवारी दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि काही न विचारता एक गुलाबी रबरी मूठ समोर ठेवली. लेडीज, म्हणाला. मी विचारलं, माझ्या हाताला बसेल का? तो म्हणाला, कलर खूप चालतो.

आमच्याकडे बांगड्या भरायला कासार यायचा. तो आधी हात दाबून बघायचा. अंगठा आत दुमडून, सगळी पेरं एकत्र करून. मग म्हणायचा, ताई, सव्वादोन. रंग त्यानंतर. या मुलाला कासाराकडे ट्रेनिंगला पाठवायला हवं होतं.

हाताचं माप इथे महत्त्वाचं ठरतं ते दोन ठिकाणी. एक, ट्रिगरपर्यंतची पोच. रिव्हॉल्व्हर नीट, उंचावर, नळीच्या रेषेत धरल्यावर तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात टेकलं पाहिजे. दोन, करंगळी. तिला धरायला जागा मिळते की ती खाली अधांतरी लोंबते?

बाजारातल्या मुठी या दोन प्रश्नांची वेगवेगळी उत्तरं देतात, आणि गंमत म्हणजे सगळी उत्तरं एकाच मुठीत कधीच मिळत नाहीत. काही रबरी मुठी चौकटीची मागची पट्टीसुद्धा झाकतात. पॅकमायरची 'कॉम्पॅक' त्या जातीची. धातू आणि बेचकं यांच्या मध्ये रबराची गादी आली की धक्का मऊ होतो. पण त्या गादीच्या जाडीएवढा ट्रिगर लांब जातो. मोठ्या हाताला फरक कळतही नाही, सव्वादोनच्या हाताला चांगलाच कळतो. उलट ज्या मुठी मागची पट्टी उघडी ठेवतात, त्यांच्यात ट्रिगर जवळ येतो, पण धातू थेट बेचक्याला भिडतो. मग 'बूट ग्रिप' नावाच्या बुटक्या मुठी. क्रेग स्पेगल या कारागिराच्या डिझाइनवरून अंकल माइक्सने काढलेली अशी मूठ बरीच वर्षं नव्या जे-फ्रेमवर कंपनीतूनच बसवून यायची. दोन बोटांची. करंगळी बाहेर. कपड्याखाली मात्र मस्त लपते. लॉस एंजलिसच्या पोलीस दलातल्या गाय होग यांनी १९६८मध्ये सुरू केलेल्या होग कंपनीच्याही दोन्ही तऱ्हा मिळतात, बुटकी 'बँटम' आणि बोटांना खाचा असलेली लांब 'मोनोग्रिप'.

गुलाबी मूठ मी घेतली नाही. दुसरी घेतली, जाड, काळी, मागून झाकलेली. नवरा म्हणाला, बघ, सोफ्यासारखी आहे.

सोफा, मग पाट

सोफ्याने बेचक्याचं दुखणं एकदम कमी झालं. पण सगळ्या गोळ्या डावीकडे! तर्जनीचं फक्त टोक ट्रिगरला पोचत होतं, त्यामुळे मी ट्रिगर सरळ मागे ओढण्याऐवजी बाजूला ढकलत होते. बोट आत न्यायला हात फिरवून धरला, तर धक्का अंगठ्याच्या सांध्यात. तीस डॉलर पाण्यात.

दुसऱ्या आठवड्यात मी माझ्या मूळ हट्टावर गेले. पातळ लाकडी मूठ आणि तिच्यासोबत अॅडॅप्टर. दिसायला काय सुंदर! गडद लाकूड, बारीक नक्षी. एकदम आजोबांच्या कपाटातल्या वस्तूसारखी. पोच परफेक्ट. मधलं बोट अगदी सुखात. गोळ्या मधोमध यायला लागल्या. पण दहाव्या गोळीला बेचकं पुन्हा लाल.

"पण तुझ्याला तर हेच आहे आणि मला काही झालं नाही!" मी इन्स्ट्रक्टरला म्हणाले. तेव्हा तिने दोन्ही रिव्हॉल्व्हर्स रिकामी करून माझ्या दोन्ही हातांत दिली. तिचं पोलादी. माझं हलकं. सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा फरक, म्हणजे एखादा मोठा कांदा. तो कांदाच सगळा धक्का खात होता. अॅडॅप्टर पोकळी भरतो, बोट वाचवतो, पकड वर बसवतो. वजन तो देत नाही. एवढं साधं गणित मला एकटीला सुचलं नव्हतं, आणि मी इंजिनिअर आहे.

मधल्या काळात नवऱ्याने लेझरवाली मूठ शोधून काढली. (त्याला प्रत्येक प्रॉब्लेमवर बॅटरीवाला उपाय हवा असतो.) क्रिम्सन ट्रेस कंपनीच्या अशा मुठी असतात. पुढच्या बाजूला, मधल्या बोटाखाली बटण, पकड घट्ट केली की लाल ठिपका समोर पडतो. किंमत दोनशे डॉलरच्या वर. इन्स्ट्रक्टरकडे एक होती, ती मी रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर चालवून बघितली. आपला हात किती थरथरतो ते त्या ठिपक्याने भिंतीवर जे दाखवलं, ते बघून लाज वाटली. शिकायला झकास वस्तू आहे. पण मला आधी हात स्थिर करायचा होता.

आणि एक नमुना 'हिप ग्रिप' नावाचा. मुठीलाच एक कान असतो, तो पँटच्या पट्ट्यावर अडकवायचा आणि रिव्हॉल्व्हर नुसतं कमरेत खोचायचं, होल्स्टरशिवाय. ट्रिगर झाकलेला नाही अशी कुठलीही वस्तू मी कमरेला लावणार नाही. विषय बंद.

मी ते लपवणार तरी कुठे होते?

चौथ्या शनिवारी इन्स्ट्रक्टरने विचारलं, "तू हे पर्समध्ये ठेवणार आहेस का?"

नाही.

"कमरेला?"

मुळीच नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१पासून एकविशीच्या वरच्या बहुतेकांना लायसन्सशिवायही बंदूक जवळ बाळगता येते, पण मला किराणा आणायला जाताना ती नको. घरात, कपाटातल्या नंबरच्या लोखंडी डब्यात, बस.

"मग एवढी बुटकी मूठ कोणापासून लपवायला घेतली आहेस?"

मी गप्प. खरंच की! दुकानात सगळे लपवण्याबद्दल बोलत होते. रबर शर्टाला चिकटून वर धरतं, लाकूड गुळगुळीत सरकतं, लांब मुठीचा फुगवटा कपड्यातून दिसतो. सगळं खरं, पण ते रोज जवळ बाळगणाऱ्यांचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण मला ती झाकायचीच नव्हती! (सव्वा लाखावरून आठवलं. कानपूरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने २०१४मध्ये 'निर्भीक' हे हलकं रिव्हॉल्व्हर खास महिलांसाठी म्हणून बाजारात आणलं. वजन पाचशे ग्रॅमच्या आसपास, किंमत सुमारे १ लाख २२ हजार. म्हण शब्दशः खरी करायला दोन-तीन हजारच कमी पडले.)

तर मग सरळ होतं. लांब मूठ, तिन्ही बोटांना जागा, मागची पट्टी उघडी म्हणजे ट्रिगर जवळ. रबरी, कारण ह्यूस्टनच्या दमट हवेत लाकूड घामाने निसटतं. करंगळीला धरायला मिळालं की रिव्हॉल्व्हर हातात वर फिरत नाही, आणि फिरलं नाही की वरचं टोक बेचक्यात घुसत नाही. मुळात माझा लाल डाग धातूपेक्षा त्या फिरण्यामुळे जास्त पडत होता. सरावासाठी गोळ्यासुद्धा बदलल्या. 'वॅडकटर' म्हणून सपाट नाकाच्या, टार्गेटच्या गोळ्या मिळतात, त्यांचा धक्का बराच सौम्य असतो. जास्त दाबाच्या 'प्लस पी' गोळ्यांनी सुरुवात करायचा सल्ला आम्हाला ज्याने दिला, त्याला माझा साष्टांग नमस्कार.

मूठ मीच बसवली, किचनच्या ओट्यावर. लेक झोपल्यावर, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, सिलिंडर दोनदा उघडून बघून. तुमच्यापैकी कुणावर वेळ आलीच तर सांगून ठेवते. विकत घ्यायच्या आधी चौकटीचं बूड गोल आहे की चौकोनी ते बघा. जुन्या जे-फ्रेममध्ये दोन्ही असायचे आणि एकाची मूठ दुसऱ्याला बसत नाही. स्क्रूच्या खाचेत बरोब्बर बसेल असाच स्क्रू-ड्रायव्हर घ्या. आणि मूठ निघत नाही म्हणून पात्याने उचकटू नका. स्क्रू तीन-चार आटे सैल करा, त्याच्या डोक्यावर अंगठ्याने दाबा, पलीकडचा तुकडा आपोआप उचलला जातो. चौकटीच्या बुडाशी एक बारीक पिन असते. नवी मूठ तिच्यावर नीट बसली नाही, तर ती डुगडुगणारच, कितीही आवळा. शेवटी सिलिंडर उघडून रिकामी काडतुसं बाहेर पडतात का ते रेंजवर बघा. डावीकडची बाजू जाड असेल, तर एखादं तिथेच अडतं.

पाचव्या शनिवारी मी सात यार्डांवरून पाच गोळ्या झाडल्या. पाचही एका पोळीएवढ्या वर्तुळात. फुलक्याएवढ्या नाहीत, पोळीएवढ्या. इन्स्ट्रक्टरने माझा हात उघडून बेचकं बघितलं. मुदतीपेक्षा आठवडा जास्त झाला होता, पण ती काही बोलली नाही. कागद घडी करून माझ्या पर्समध्ये कोंबला.

आई आली

जूनमध्ये आई आली, सहा महिन्यांसाठी. तिला फोनवर सांगितलंच नव्हतं. इथे आल्यावर दुसऱ्या दिवशी सांगितलं, कारण घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असलंच पाहिजे. टेक्सासच्या कायद्यात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं गुन्हा आहे. कायदा नसता तरी मला झोप लागली नसती.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, घरात लहान पोर, आणि तू...?" मी डबा दाखवला. भिंतीला बोल्ट मारलेला, माझ्याही डोक्याच्या वर. रिव्हॉल्व्हर हातात घ्यायला तिने साफ नकार दिला. ओट्यावर काढून ठेवलेल्या मुठी मात्र घेतल्या. ती जाड काळी, ती सुंदर लाकडी आणि तो अॅल्युमिनियमचा अॅडॅप्टर. लाकडी हातात फिरवून म्हणाली, "ही दिसायलाच चांगली. घामात सुटेल." मी चाट!

"दादांच्या कोयत्याची मूठ अशीच होती," ती म्हणाली. दादा म्हणजे तिचे वडील, कराडकडचे, ऊसवाले. "गुळगुळीत. एकदा हातातून सुटला आणि पायावर. मग त्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्यावर गुंडाळली. करंगळीपाशी जाड, वर पातळ. दुसऱ्या कुणाच्या हाताला तो कोयता बसायचाच नाही."

मी तिला इन्स्ट्रक्टरचे रबर बँड सांगितले. ती पहिल्यांदा हसली. मग तिन्ही मुठी पुसून ड्रॉवरमध्ये टाकल्या, लाटण्याच्या शेजारी, आणि म्हणाली, "त्या डब्याचा नंबर मला सांगू नकोस हं. मला नको तो."

सांगितला नाही. लाकडी मूठ अजून विकायची आहे.